चकोट केलं तरी बाजूची काळी झाक जात नाही, संध्याकाळी तर परत टक्कल 'दिसतं'

कृषीवाला_चोपडा

मंडळी नमस्कार, आधीच सांगतो हसू नका. वय ३४, चोपड्याला बी-बियाणं खतांचं दुकान आहे. केस पंचविशीतच जायला लागले, वडिलांचं आणि दोन्ही काकांचं बघून माहितीच होतं की आपला पण नंबर लागणार. मागची चार-पाच वर्षं बाजूचे केस वर ओढून, टोपी घालून कसंतरी निभावलं पण दुकानात पंखा लावला की सगळं उघडं पडायचं. शेवटी मार्चमध्ये वैतागून सलूनमध्ये जाऊन बसलो आणि म्हटलं मार वस्तरा, जे व्हायचं ते होवो.

घरी जे झालं ते वेगळंच. आई दोन दिवस बोलली नाही, बाप जिवंत असताना चकोट केलं म्हणून. वडील ओट्यावर बसून हसत होते, म्हणे "अरे मी आहे ना अजून". दुकानात तर आठवडाभर प्रत्येक गिऱ्हाईक आवाज बारीक करून विचारायचं, भाऊ घरी काय झालं, गंधमुक्त (सुतक फिटायचं कार्य) कधी आहे. एक जण तर दारावरूनच परत गेला, म्हटला सुतक असेल, उधारीचं नंतर बोलू. (तो अजून आलेला नाही, ते जाऊद्या.)

आता ते सरलं, लोकांना सवय झाली. पण खरा प्रश्न आता सुरू झालाय. वरचं टक्कल एकदम गुळगुळीत आणि कानाच्या वरून मागे सगळी काळी-निळी झाक. नुकतंच घोटलं असलं तरी दिसते, आणि संध्याकाळी सहा-सात वाजता ट्यूबलाइटखाली आरशात बघितलं तर परत तीच झालर, फक्त केस नाहीत. चुलतभावाच्या लग्नातले फोटो आले त्यात असं दिसतं की कुणी कोळशाने पट्टा ओढलाय. म्हंजे टक्कल लपवायला टक्कल केलं आणि ते अजूनच दिसायला लागलं.

केलेले उपाय सांगतो. पाच पात्यांचं रेझर घेतलं, रोज सकाळी आंघोळीत साबण लावून आधी सुलटं मग दोनदा उलटं मारतो. पाणी बोअरचं, खारं आहे, साबणाला फेस येतच नाही. त्याने मानेवर मागे बारीक पुळ्या आल्या, हेल्मेट घातलं की आग होते. नंतर आई खोबरेल तेल चोळून देते (आता बोलते ती). आता एक जण म्हणतो लेझर करून कायमचं मिटवून टाक, दुसरा म्हणतो डोक्यावर ठिपक्यांचं टॅटू करतात ते कर. आणि सलूनवाल्याकडे बसलेले एक आजोबा म्हणाले रोज वस्तरा मारला की केस दाट आणि राठ होतात, हे खरं आहे का? असेल तर मी स्वतःच्या हातानेच वाढवतोय.

जूनला कपाशीच्या बियाण्याची गर्दी सुरू होईल, मग सकाळी आठ ते रात्री नऊ काउंटरवर उभं. तोवर काहीतरी मार्ग निघाला तर बरं.

भुसावळ_लोको

भाऊ, टकल्यांच्या पंगतीत स्वागत आहे. मी रेल्वेत, १२ वर्षं झाली डोकं घोटतोय, तुमचा तो कोळशाचा पट्टा मी पण मिरवलाय.

आधी ते दाट होण्याचं डोक्यातून काढून टाका, तिथून काढायला आता तेवढंच उरलंय. वस्तरा फक्त वर आलेला केस कापतो, मुळाला त्याचा पत्तापण लागत नाही. वाढलेल्या केसाचं टोक निमुळतं असतं, कापलं की ते सपाट होतं, म्हणून हाताला टोचतं आणि माणसाला वाटतं राठ झाला. लहान पोराचं जावळ काढल्यावर केस दाट येतात म्हणतात ते पण तसंच, पोराचं वय वाढतं म्हणून येतात.

आता झाक. केस कातडीच्या आत तीन-चार मिलिमीटर खोल गेलेला असतो. ज्वारी तुम्ही किती का बुडातून कापेना, धसकट राहतंच, आणि धसकट छाटलं तरी मूळ जमिनीत आहेच. इथे जमीन जरा पारदर्शक आहे एवढाच फरक. आतला काळा केस कातडीतून दिसतो आणि निळसर दिसतो, हाताच्या शिरा कशा हिरव्या-निळ्या दिसतात तसं. म्हणून तुम्ही दोनदा उलटं मारा नाहीतर दहादा मारा, ज्याचे केस काळे आणि जाड त्याची झाक शंभर टक्के जाणार नाही. हे एकदा मान्य केलं की अर्धा त्रास कमी होतो, आणि मानेवरच्या पुळ्या पण, कारण त्या तुमच्या हट्टाच्या पुळ्या आहेत.

आणि संध्याकाळचं म्हणाल तर केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो, म्हंजे दिवसाला ०.३ मिलिमीटरच्या आसपास. सकाळी सातला घोटलं तर संध्याकाळी सातला ०.१५ मिलिमीटर वर आलेला असतो. ऐकायला काहीच नाही पण केसाची स्वतःची जाडीच ०.१ मिलिमीटरपेक्षा कमी, त्या मानाने तो खुंट उंच झाला ना.

मला स्वतःला हे समजायला तीन-चार वर्षं लागली की लोकांना झाक दिसत नाही, फरक दिसतो. वर चमकतं आणि बाजूला मातकट काळं, हा फरक. तुम्ही सगळी ताकद काळं घालवायला लावताय, आणि वर आईच्या हातचं खोबरेल लावून चमक डबल करताय! दुकानात ट्यूबलाइट बरोबर डोक्यावर असणार, मग काय, वर आरसा आणि बाजूला कोळसा. तेल लावायचंच तर रात्री लावा, आईला पण बरं वाटेल, सकाळी धुऊन टाका. दिवसा तेल नसलेलं जेलसारखं मॉइश्चरायझर येतं ते थोडंसंच लावायचं, आणि घाम आला की रुमालाने टिपायचं, पुसायचं नाही. पुसलं की पॉलिश होतं, खरंच सांगतो.

दुसरं, तुमचं वरचं टक्कल चार-पाच वर्षं ऊन खाऊन तांबूस काळं झालेलं असणार आणि बाजूची कातडी केसांखाली होती म्हणून गोरी. गोऱ्या कातडीवर झाक जास्त उठते. दोन-तीन महिन्यांत रंग आपोआप जुळत येतो, माझा आला. पण म्हणून उन्हात मुद्दाम उघडं फिरू नका, आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, टाळू भाजून कातडं निघतं मग ते वेगळंच दुखणं. बाहेर पडताना पांढरा रुमाल बांधा नाहीतर एसपीएफ ३० च्या वरचं सनस्क्रीन, आणि ते दोन तासांनी परत लावावं लागतं, सकाळी एकदा लावून संध्याकाळपर्यंत चालत नाही.

तिसरं, वेळ बदला. सकाळी कोण बघतंय तुम्हाला. उन्हाळ्यात दुपारी एक ते चार बाजारात कुत्रं पण नसतं, तेव्हा घरी जेवायला जाता ना, जेवणाआधी घोटा. मग संध्याकाळच्या गर्दीला ताजं, आणि सकाळची झाक उजेडात फारशी कळत नाही.

भरीत_आणि_भाकर

काय भो, टक्कल तं मनं बी शे, मी काय रडत बठस का 😂

मजाक सोडा पण तुमच्या डोक्याचं वर्णन वाचून मला आपलं भरताचं वांगं आठवलं, वरून एकदम गुळगुळीत चमकदार आणि देठाकडे काटे. त्याला कोणी काटे आहेत म्हणून टाकून देतं का, उलट काटे बघूनच ताजं आहे का ते ठरवतात. माझं पण सेम डोकं, बायको म्हणते उशीच्या खोळीला खुंट अडकतात आणि टॉवेलचे धागे निघतात, रात्री बनियन डोक्यातून काढताना चर्रर्र आवाज येतो ते वेगळं. तिने आता माझी उशी सॅटिनची करून दिली, घसरत घसरत झोपतो पण भांडण मिटलं.

कृषीवाला_चोपडा

@भरीत_आणि_भाकर वांग्याचं बियाणं मीच विकतो भाऊ, आता गिऱ्हाइकाला दाखवताना हसू येणार.

@भुसावळ_लोको तुमचं तेलाचं एकदम पटलं. म्हंजे मी रोज सकाळी बल्ब पुसून लावत होतो. पण मानेच्या पुळ्यांचं आणि घोटायच्या पद्धतीचं कोणी नीट सांगा ना, पाच पात्यांच्या रेझरला बरेच पैसे घातलेत.

वस्तरा_पाचोरा

राम राम. आमचं तीन पिढ्यांचं सलून आहे पाचोऱ्याला, टाइप करायची सवय नाही तरी लिहितो कारण डोक्याचं काम लोकं दाढीसारखंच समजतात आणि तिथेच चुकतात. दाढीत केस बहुतेक खाली जातो, डोक्यात तसं नाही, डोक्यावर भोवरा असतो, तिथून केस गोल फिरत चारी बाजूला जातो, कानाच्या मागे पुढच्या बाजूला वळतो आणि मानेवर तर काहींचा खालून वर जातो काहींचा आडवा, दोन भोवऱ्याचं डोकं असलं तर विचारूच नका. त्यामुळे तुम्ही म्हणता सुलटं मारलं ते मानेवर आपोआप उलटं झालेलं असतं आणि वरून परत दोनदा उलटं, पुळी येणार नाही तर काय होणार. दोन दिवस घोटू नका, खुंट वाढू द्या, मग बोटाने सगळीकडे चोळून बघा कुठल्या बाजूला गुळगुळीत लागतं ती सुलटी आणि कुठल्या बाजूला अडकतं ती उलटी, मोबाइलवर फोटो काढून त्यावर बाण करून ठेवा, एकदा केलं की जन्मभराचं काम.

पाच पात्याचं रेझर वाईट नाही पण त्यात पहिलं पातं केस ओढतं आणि पुढचं कापतं, मग केस कातडीच्या आत जाऊन बसतो आणि वर येताना वाट चुकतो, तिथेच पुळी. तुमच्यासारखा जाड केस आणि पुळ्यांची कातडी असेल तर एका पात्याचं, जुन्या पद्धतीचं दोन धारी ब्लेडवालं रेझर बरं, किंवा आमच्यासारखा वस्तरा पण तो स्वतःच्या डोक्यावर मागे मारायच्या भानगडीत पडू नका, कान जाईल. हात हलका, ब्लेडच्या वजनानेच चाललं पाहिजे, दाबायचं नाही. दोन-तीन दिवसांचं वाढलेलं असेल तर आधी झिरो मशीन फिरवून घ्यायची मग ब्लेड, नाहीतर ब्लेड दोन हातातच बोथट होतं.

पाण्याचं तुम्ही स्वतःच सांगितलं. खाऱ्या पाण्यात साबण फुटतो, फेस नाही आला की ब्लेड कोरडंच चालतं आणि साबणाचा चिकट थर कातडीवर राहतो त्याने खाज. एक तांब्या फिल्टरचं नाहीतर उकळून गार केलेलं पाणी घ्या, बाकी आंघोळ बोअरच्या पाण्याने करा काय फरक पडत नाही. आणि साबण नको, क्रीम घ्या, ब्रशने लावून तीन मिनिटं तशीच राहू द्या. केस पाणी पितो मग मऊ होतो, आम्ही गिऱ्हाइकाला गरम टॉवेल देतो तो काय लाड म्हणून देत नाही. झाल्यावर तुरटी फिरवली तरी चालते पण ती दोन मिनिटांनी धुवायची, वाळू दिली की कातडी ताणते आणि अजून खाजते.

मानेवर एक महिना ब्लेड लावूच नका, फक्त मशीन. पुळ्या फोडायच्या नाहीत. कॉलर आणि हेल्मेट घासतं तिथेच त्या येतात, हेल्मेटच्या आत धुतलेला सुती रुमाल घाला. आमच्याकडे एक गिऱ्हाईक होतं त्याच्या मानेवर अशाच पुळ्या होत होत्या, तो घोटत राहिला, त्या पुढे कडक गाठी झाल्या आणि तिथे केस पण येईनात, मग डॉक्टरकडे गेला. महिन्यात बसल्या नाहीत तर तुम्ही पण दाखवा, त्यात कसली लाज.

आणि दाढी ठेवा. हे आमच्या धंद्याचं गुपित समजा. बाजूची झाक एकटी दिसते म्हणून खटकते, खाली दाढी असली आणि कल्ल्याला फेड मारून कानापाशी ती विरत नेली की झाक त्या फेडचाच भाग वाटते, नजर दाढीवर जाते. दाढी दाट पाहिजे असं नाही, पाच-सहा दिवसांची पण चालते पण कडा कोरलेल्या पाहिजेत, गळ्यावर वाढलेली नको.

अजून एक, सलूनमध्ये घोटून घेत असाल तर ब्लेड तुमच्यासमोर पुड्यातून काढून मोडून घालायला सांगा, ओळखीचा असला तरी सांगा. कावीळ ब चा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस जिवंत राहतो. मी माझ्या पोरांना हेच शिकवतो, गिऱ्हाईकाने सांगितलं नाही तरी दाखवून घाला.

गावरान_उपाय

कृषीवाला भाऊ, एवढं सगळं करण्यापेक्षा कांद्याचा रस आणि लसूण चोळा वरच्या भागाला, ४० दिवसांत केस परत येतात, मग झाकेचा प्रश्नच नाही. माझ्या मामांना फरक पडला.

भुसावळ_लोको

मामांचा फोटो टाका.

गावरान_उपाय

मामा फोटो काढू देत नाहीत.

भुसावळ_लोको

समजलं 😄 भाऊ राग मानू नका पण वंशाने आलेल्या टकलाला कांदा काही करत नाही, आणि ताज्या घोटलेल्या डोक्यावर कांदा-लसूण चोळलं तर माणूस तापीत उडी मारेल. कांदा शेवभाजीत घाला.

धुळ्याची_ताई

मी इथे लिहू की नको असा विचार करत होते, कारण तुम्हा पुरुषांचा विषय आहे. पण माझं डोकं पण दोन वर्षांपूर्वी असंच होतं, केमोमुळे. केस पुंजक्या-पुंजक्याने जायला लागले तेव्हा मुलीने मशीनने काढून टाकले. डॉक्टरांनी ब्लेड लावायचंच नाही असं बजावलं होतं, केमोमध्ये प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशी कमी असतात, बारीक कापलं तरी रक्त थांबत नाही आणि इन्फेक्शन होतं. हे मुद्दाम लिहितेय, कोणाच्या घरी अशी वेळ आली तर लक्षात असू द्या.

तुमच्या झाकेबद्दल वाचून मला हसू आलं आणि जरा रडू पण. केमो संपल्यावर महिन्या-दीड महिन्याने मी रोज खिडकीपाशी आरसा घेऊन बसायचे की झाक दिसते का. आधी पांढुरकी लव आली, मग एक दिवस कपाळाच्या वर काळपट दिसलं, मला वाटलं काजळ लागलंय, पुसून बघितलं. पुसलं गेलं नाही. सासूबाईंना हाक मारली, त्यांनी हात फिरवला आणि म्हणाल्या "अगं टोचतंय!" त्या दिवशी आमच्याकडे शिरा झाला. नंतर आले ते केस कुरळे आले, माझे आयुष्यभर सरळ होते, आता हळूहळू परत सरळ होतायत.

उपयोगाचं एवढंच सांगते, वाढतानाच्या त्या खुंटांच्या दिवसांत खाज फार येते तेव्हा नखं लावू नका, ओला गार कपडा ठेवा. आणि सिंथेटिक ओढणी-स्कार्फ खुंटांना चिकटतो, जुन्या सुती साडीचा तुकडा सगळ्यात चांगला. तुमच्या आईकडे असेलच.

कृषीवाला_चोपडा

ताई, बरं झालं लिहिलंत. माझ्या तक्रारीची मलाच लाज वाटली एकदम. तब्येतीला जपा. साडीचा तुकडा आजच मागतो आईकडे.

औषधवाला_अमळनेर

उशिरा आलो. मेडिकल स्टोअर आहे माझं, आणि स्वतः दाढीच्या वरच्या भागाचं (गालाचं) लेझर केलेलं आहे म्हणून लेझरवर बोलू शकतो.

लेझर काय करतं, केसातला काळा रंग तो प्रकाश शोषतो, तापतो आणि मूळ भाजतं. पण आपल्या कातडीत पण तोच काळा रंग असतो, म्हणून सावळ्या माणसाला चुकीचं मशीन लावलं की कातडीच भाजते, डाग पडतात. आपल्या रंगाला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग म्हणतात ते जास्त सुरक्षित, जाल तिथे हे विचारा, आणि सांगता आलं नाही तर चपला घालून निघा. एका बैठकीत होत नाही, सहा-आठ तरी लागतात, मध्ये महिना-दीड महिना जाऊ द्यावा लागतो, आणि नंतर पण थोडे येतातच, मग अधूनमधून परत. पांढऱ्या केसावर तर चालतच नाही, त्यात रंगच नाही. मला गालावर सात बैठकी लागल्या, ७०-८० टक्के गेले असं मी म्हणेन, पण मध्ये दोन-तीन महिने असे होते की काही जागी गेले काही जागी आहेत, बुरशी लागलेल्या भाकरीसारखं दिसत होतं. गालावर ते दाढीत लपलं, डोक्यावर कुठे लपवणार?

पण माझा मुख्य मुद्दा वेगळा आहे आणि तो तुम्हाला कोणी क्लिनिकवाला सांगणार नाही. तुमच्या बाजूचे आणि मागचे केस का टिकले? टक्कल पाडणारं जे हार्मोन आहे डीएचटी, त्याचा त्या केसांवर फारसा परिणाम होत नाही म्हणून. हेअर ट्रान्सप्लांटमध्ये तिथलेच केस काढून पुढे लावतात, ती तुमची बँक आहे. आज वैतागून लेझरने ती बँक जाळली आणि चाळिशीत वाटलं की ट्रान्सप्लांट करावं, तर लावायला काही नाही. तुम्ही शेतीवाले, बियाणं कोणी भाजून खातं का. मी सरळ नको म्हणेन.

ठिपक्यांचं टॅटू म्हणतात त्याचा विचार उलट बाजूने करा. त्यात बाजूची झाक घालवत नाहीत, वरच्या टकलावर बारीक ठिपके देऊन तिथे पण झाक आणतात, म्हंजे असं वाटतं की माणसाला पूर्ण केस आहेत आणि त्याने हौसेने बारीक मारलेत. तुमची नकोशी झाक तिथे उपयोगाची होते. दोन-तीन बैठकी लागतात, काही वर्षांनी फिकं होतं मग परत भरून घ्यावं लागतं, उन्हाने लवकर फिकं होतं आणि आपल्याकडे ऊन काय कमी आहे का. करणारा कच्चा असेल, शाई खोल गेली तर ठिपके पसरतात आणि निळे पडतात, त्यापेक्षा कोळशाचा पट्टा बरा. आणि ते केलं की वर तेल-बिल लावून चमकवायचं नाही, ठिपक्यांच्या मधून चमक आली की पोल खुलते. माझ्या ओळखीत एकाने केलंय, चांगलं दिसतं, पण एक-दोन फुटांवरून बारकाईने बघितलं की कळतं. काउंटरवर उभा असणारा माणूस एवढ्याच अंतरावर असतो हे लक्षात घ्या. माझ्या मते अजून सहा महिने लोको साहेब आणि पाचोऱ्याच्या दादांचं ऐकून बघा, पैसे कुठे पळून जात नाहीत.

मिनॉक्सिडिल (केस यायला डोक्याला लावायचं औषध) वगैरे कोणी सुचवेल म्हणून आधीच लिहितो, जिथे केस बारीक होतायत तिथे त्याचा उपयोग, पूर्ण गुळगुळीत झालेल्या जागी फार आशा नाही, आणि लावत राहावं लागतं, सोडलं की आलेले पण जातात. केस यायची गोळी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय घ्यायचीच नाही, माझ्याकडे येऊन मागितली तरी मी देणार नाही.

वस्तरा_पाचोरा

बरोबर. पोल खुललेली डोकी आमच्याकडे येतात.

कृषीवाला_चोपडा

मंडळी, पाच आठवडे झाले, अपडेट देतो, नाहीतर लोकं प्रश्न विचारून गायब होतात असं होईल.

भोवऱ्याचा नकाशा काढला. बायकोने बोट फिरवून फिरवून काढून दिला, मानेवर डावीकडे केस आडवे आहेत आणि उजवीकडे खालून वर, हे मला ३४ वर्षांत माहीत नव्हतं. पाच पात्याचं ठेवून दिलं, दोन धारी ब्लेडचं रेझर घेतलं, पहिल्या दिवशी दोन ठिकाणी कापलं, आता जमतं. क्रीम, फिल्टरचं पाणी, तीन मिनिटं (मोबाइलवर टायमर लावतो, पोरगी म्हणते पप्पांचं डोकं शिजतंय). फक्त सुलटं आणि एकदा आडवं, उलटं बंद. रोज नाही, एक दिवसाआड, आणि दुपारी. मानेवर महिनाभर मशीनच फिरवली, पुळ्या बसल्या, एक-दोन डाग राहिलेत.

झाक आहे. पण तेल रात्री गेल्यापासून वरची चमक उतरली आणि दाढी ठेवली, इथल्याच सलूनवाल्याला तुमचा मेसेज वाचून दाखवला की कानापाशी विरत ने, तो आधी म्हणाला मला शिकवता का, मग केलं त्याने बरोबर. परवा काउंटरवर बसलेला फोटो मेव्हण्याने काढला त्यात मला माझं डोकं पहिल्यांदा एकाच माणसाचं वाटलं. लेझर रद्द. ठिपके पण सध्या रद्द.

बियाण्याची गर्दी सुरू झालीये, आता कोणाला माझ्या डोक्याकडे बघायला वेळ नाही, सगळ्यांची नजर आभाळाकडे. तो उधारीवाला पण आला एकदाचा, म्हणतो भाऊ कार्य नीट पार पडलं ना. मी हो म्हटलं आणि बिल पुढे केलं.

एक नवीनच अडचण मात्र झालीये. वडील म्हणतात उन्हाळाभर तुझं बघितलं, थंडगार दिसतं, मला पण मारून दे. वय ६७, झालर पूर्ण पांढरी. आई म्हणते खबरदार, मी अजून बसलीये. त्यांना काही वेगळं करावं लागेल का?

भुसावळ_लोको

पांढऱ्या केसाची झाक पडत नाही, नशीबवान माणूस. वयाने कातडी पातळ झालेली असते म्हणून ब्लेड नको, मशीन किंवा जाळीवालं इलेक्ट्रिक शेव्हर. आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा.

आईंची परवानगी मात्र तुम्हीच काढा, त्याला आमच्याकडे उपाय नाही.